पाठकोरे

मी माणसं कागदावरून ओळखतो.
चेहरा विचाराल तर डोकं खाजवीन;
सातबारा दाखवा, घर सांगतो,
विहिरीत कुणाचा किती आणे हिस्सा, तेही.
बावीस वर्षं माझ्या काचेवर पालथं पडत आलंय
हे तालुक्याचं गाव आणि भोवतालची ब्याण्णव खेडी,
दोन रुपयाला एक बाजू.

तहसीलच्या लिंबाखाली आमची रांग होती.
वैजनाथअप्पा स्टँपवाले,
त्यांच्याआधी लोक त्यांच्या पेटीला नमस्कार करीत.
त्र्यंबक सरवदे, टाइपरायटरचा ‘ळ’ तुटलेला,
त्याच्या अर्जांतले सगळे काळे, सगळे जवळगे
मागून शाईनं पुरे केलेले.
आणि कादरी मास्तर, चष्म्यावर भिंग धरून
निजामाच्या वेळची खासरा पाहणी वाचणारे.
नुक्ता पुसलेला असला की थांबायचे.
“यहाँ या तो तुमारे दादा है, या आम का झाड.”
पक्षकार म्हणायचा,
“आजोबाच लिवा, मास्तर.”

मग बायपासला नवी इमारत झाली.
लिफ्ट, टोकनचं यंत्र, बसायला स्टीलच्या खुर्च्या.
सावली नाही.
शुक्रवारी दप्तरं हलली, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत,
लाल फडक्यातली गाठोडी,
वर कोतवाल आडवा झालेला, वाऱ्यानं कागद उडू नयेत म्हणून.
तरी मोंढ्याच्या वळणावर एक गाठोडं सुटलंच.
हमालांनी पाठीवरची पोती टाकून कागद गोळा केले.
एकानं विचारलं, “कुण्या गावचं हाय रे?”
दुसरा म्हणाला,
“उचल गुमान. आपलंच आसंल.”

सोमवारी बाजार.
जुन्या कुलपापुढं एक बाई येऊन बसली,
पिशवीत रेशनकार्ड, नवऱ्याचा दाखला, भाकर.
प्रयागबाईनं चहा गाळता गाळता सांगितलं,
“बायपासला गेलंय समदं. रिक्षाला ईस रुपये.”
“आन् नाव कुठून पुकारत्यात तितं?”
“नाव न्हाई. नंबर येतोय, लाल दिव्यात.”
बाईनं पिशवीची गाठ सोडली, परत बांधली.
“नंबर मला वाचाया येत न्हाई, माय.
हाक मारली तर ऐकू येतंय.”

सरवदे उठला. टाइपरायटर उघडाच टाकून
तिला मोटरसायकलवर मागं बसवून घेऊन गेला.
दिवेलागणीला परत आला.
“झालं?”
“सर्व्हर डाऊन. उद्या परत जाऊ लालो.”

अप्पांनी तिकडं पत्र्याचं शेड धरलंय.
कादरी मास्तरांना कुणी बोलावलं नाही;
जुनं सगळं स्कॅन झालंय म्हणतात.
स्कॅन वाचणारं माणूस अजून मिळालेलं नाही.

माझं ठरत नाही.
मशीन चार माणसांचं ओझं,
आणि वाया गेलेल्या कॉप्यांचं एक खोकं:
तिरक्या आलेल्या, फिक्या आलेल्या,
वीज गेल्यावर अर्ध्यात थांबलेल्या.
माझी पोरगी त्यांच्या पाठीवर गणितं करते.
एका बाजूला चार भावांची वाटणी,
दुसऱ्या बाजूला तिचे अपूर्णांक.
तिचे बरोबर सुटतात.

काल रात्री शटर ओढण्याआधी
झाकण उघडं ठेवूनच बटण दाबलं.
कागद निघाला, सगळा काळा,
वरच्या कोपऱ्यात ट्यूबलाइटची तेवढी पांढरी रेघ.
प्रयागबाई भांडी विसळत होती.
“कामून वाया घातला कागद?”

मी उलटा करून पाहिला.
गरम होता अजून.
खोक्यात टाकला.